माटोळीच्या चौकटीत सापडलेले तीन पेपर

रानमोगरा

चवथीला (गणेश चतुर्थीला) आठ दिवस राहिले म्हणून काल माटोळीची चौकट, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट, काढायला माळ्यावर चढले. ती आम्ही सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवतो. वाळवी लागलीय का बघावं म्हणून गाठ सोडली, तर आत गणिताचे तीन पेपर. पंचविसांतले सात, नऊ आणि सहा. तिन्हींच्या खाली पालकांची सही, म्हणजे माझी. मी न केलेली.

मुलगा चौथीत आहे, नऊ वर्षांचा. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घर एकत्र आहे, दीर-जाऊ आणि त्यांचा सहावीतला मुलगा पलीकडच्याच खोल्यांत.

खोटं कशाला बोलू, आधी परसातली पेराची शिमटीच आठवली (पेर म्हणजे पेरू, घाटावरच्या वाचकांसाठी). पण मग ती सही नीट पाहिली. माझ्या आडनावातल्या शेवटच्या अक्षराची शेपटी मी डावीकडे वळवते, ती सुद्धा बरोबर आलेली. त्याची रफ वही उघडली तर मागची चार पानं माझ्या सह्यांनी भरलेली. पहिल्या ओळीतल्या वेड्यावाकड्या, चौथ्या पानावर मलाही ओळखू येऊ नयेत अशा. या वर्षी एवढं मन लावून त्याने दुसरं काहीच लिहिलेलं नाही.

जूनमधल्या चाचणीत आठ गुण पडले होते. मी दोन थपडा दिल्या. ह्यांनी हात उगारला नाही, पण अर्धा तास आवाज असा की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "काकाचा मुलगा बघ, आणि तू बघ." शाळेत बाई गुण मोठ्याने वाचतात आणि दहाच्या खालच्यांना व्हरांड्यात उभं करतात. जुलैपासून सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. दोनदा अंथरूण ओलं केलं, पाच वर्षांनंतर. मी यातलं काहीच एकमेकांना जोडलं नव्हतं.

पेपर परत तिथेच गुंडाळून ठेवलेत. मला सापडलेत हे त्याला ठाऊक नाही. पण चवथीच्या आधी चौकट उतरवावीच लागणार, आणि ते त्यालाही कळतंय. दोन दिवस जेवताना वर माळ्याकडे बघतो. काय करू?

खटखटे

एवढं काय त्यात? आम्ही वेताच्या छडीवर वाढलो. मास्तर उभी पट्टी बोटांच्या सांध्यांवर मारायचे, घरी सांगितलं तर बापूय आणखी दोन द्यायचा. काही बिघडलं नाही. आजकालची मुलं काचेची, आणि आईबाप त्याहून काचेचे. सही खोटी करणं म्हणजे चोरीच. आज सोडलं तर उद्या बँकेत करेल.

तिरफळ

बिघडलं नाही हे कोणाला विचारून लिहिलंत? वहिनींना विचारा, मुलांना विचारा, मग इथे येऊन सांगा. आणि रानमोगरा, पहिले धन्यवाद. शिमटी न शोधता धागा काढणारी आई मी इथे पहिल्यांदाच पाहतोय.

खटखटे

वैयक्तिक होऊ नका.

तिरफळ

काचेची कोणी म्हटलं होतं?

अबोली

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, फोंडा-कुर्टी भागात. आधी एक रुक्ष गोष्ट. पाच वर्षं कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर मनावरचा ताण हे एक कारण असतं, पण लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि मधुमेहही असतो. एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग मनाकडे वळा. पोटदुखीचंही तेच. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे मूल नाटक करतंय असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका. भीतीने आतडं खरोखर आवळतं, दुखणं खरंच असतं. शनिवार-रविवार पोट बरं आणि सोमवारी सकाळी दुखतं, ही गोष्ट मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकली आहे की आता पहिला प्रश्न वाराचाच विचारते.

आता सहीबद्दल. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०११चा एक अभ्यास आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळा, मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत काठी, थप्पड, चिमटे रोजचे. दुसरीत दटावणं किंवा थोडा वेळ बाजूला बसवणं, एवढंच. मुलाच्या पाठीमागे आवाज करणारं खेळणं ठेवायचं, "वळून बघू नकोस" सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. बहुतेक सगळी मुलं वळली, ते वयच तसं. परत येऊन "पाहिलंस का?" विचारलं तेव्हा फरक दिसला. माराच्या शाळेतली मुलं खोटं जास्त बोलली, आणि नुसती बोलली नाहीत, ते खोटं पुढच्या प्रश्नांत सांभाळण्यातही ती दुसऱ्या मुलांपेक्षा सरस निघाली. तीन-चार वर्षांची! तुमच्या लेकाची चौथ्या पानावरची सही वाचताना मला तेच आठवलं. खटखटेंना बँकेची काळजी वाटते, तर ही कला शिकवते कोण हेही बघायला हवं.

"आम्ही मारत नाही, फक्त ओरडतो" म्हणणाऱ्या पालकांसाठीही एक सांगते, कारण ते मोठ्या संख्येने भेटतात. अमेरिकेत ९७६ कुटुंबांचा अभ्यास झाला, २०१४ साली छापला गेला. तेरा वर्षांच्या आसपासच्या मुलांना आईवडील ओरडत, शिव्या घालत, 'आळशी, मूर्ख' म्हणत, तिथे पुढच्या वर्षभरात उदासी आणि वागण्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. एरवी आईवडील मायाळू असले तरी त्याने हा परिणाम कमी झाला नाही. आपल्याकडे रात्री झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून दिवसाचा हिशेब मिटवतात ना, तो तसा मिटत नाही.

खटखटे

अमेरिका, आफ्रिका. गोव्यातलं काय ते सांगा.

अबोली

सांगते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा बाल अत्याचारांवरचा अहवाल १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला आहे. त्या १३ राज्यांत गोवा होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. हा आकडा सगळ्या राज्यांचा मिळून आहे, एकट्या गोव्याचा नाही.

कोर्टाची_पायरी

वकिली सल्ला फुकट मिळतोय तर घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. लोक दुसरा अर्धा भाग विसरतात. कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. पण गोव्यात त्याआधी सात वर्षं आपला स्वतःचा गोवा बाल कायदा आला, २००३ साली. त्यात सर्व शाळांत छडीबंदी आहे, आणि 'बाल अत्याचार' या शब्दाची व्याख्या एवढी रुंद आहे की कृतीने किंवा बोलण्याने मुलाचा माणूस म्हणून असलेला मान कमी करणंही त्यात बसतं. त्यासाठी वेगळं बाल न्यायालय आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत तर अभ्यासात सुधारणा व्हावी म्हणून मुलाला लाज आणणं हेही मानसिक छळातच धरलंय. व्हरांड्यातली रांग याहून वेगळी कशी ठरेल, मला सुचत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट माहितीवर कोणीतरी पोलीस चौकीत जाऊन उभा राहील. २०१४च्या एका प्रकरणात बाल न्यायालयाने शिक्षिकेला दोषी धरलं होतं. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ साली तिला निर्दोष सोडलं. शिस्तीसाठी कधी थोडाफार बळाचा वापर करावा लागतो, असा सूर त्या निकालात होता. म्हणजे कागदावर बंदी स्पष्ट असली तरी खटल्यात पुरावा, हेतू आणि मार किती हे सगळं बघितलं जातं.

घरच्या मारावर सरसकट बंदी आपल्याकडे नाही. स्वीडनने ती १९७९ साली घातली, जगात सर्वांत आधी. नेपाळने २०१८ साली. शाळेबद्दल माझा सल्ला विचाराल तर आधी बाईंना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. कायद्याचं नाव पहिल्याच भेटीत काढू नका. ते काढलं की समोरचा माणूस शिक्षक राहत नाही, आरोपी होतो, आणि आरोपी काहीच कबूल करत नाही.

मी_काणकोणची

मी प्राथमिक शिक्षिका आहे, म्हणून थोडं आमच्याही बाजूने. पालक-शिक्षक सभेत दर वर्षी किमान दोन बाप उठून म्हणतात, "बाई, तुम्ही हाणा त्याला, आम्ही विचारायला येणार नाही." हे ते मुलासमोर म्हणतात. त्या मुलाचा चेहरा मी बघितलाय. आपल्यासाठी भांडणारं आता जगात कोणी उरलं नाही, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळतं.

आणि व्हरांड्याचं म्हणाल तर... मीही केलंय. छडी हातातून काढून घेतली, बदल्यात काय करायचं ते धड कोणी शिकवलं नाही. मग आम्ही मार सोडला आणि लाज धरली. मार निदान दिसतो. "तू राहू दे, तुला नाही जमायचं" हे वाक्य कुठल्या डॉक्टरला दाखवणार?

सुंगट

आमच्या बाई "म्हशी राखायला जा" म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, म्हशी कुठेत ते सांगा, आत्ता जातो.

जुना_मास्तर

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

१९८२ साली सत्तरी तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. पहिली ते चौथी एकाच खोलीत, सत्तेचाळीस मुलं. छडी मी कधी विकत घेतली नाही, मुलंच आणून द्यायची. ज्याची छडी सरळ आणि लवचीक, त्याचा वर्गात मान. आज हे लिहिताना कसंसंच होतं, पण तेव्हा मला त्यात काही विचित्र दिसलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या परीक्षेत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या बालशिक्षणाच्या कामावर दहा गुणांचा प्रश्न होता. मला त्यात नऊ मिळाले होते.

मार्च महिना, काजूचे दिवस. चौथीतला एक मुलगा सतत उशिरा येई. त्या दिवशी दहा वाजले. म्हटलं, हात पुढे कर. त्याने डावा केला. उजवा कर म्हटलं, तर मान हलवली. सगळा वर्ग बघतोय. मी त्याला उद्धटपणा समजलो आणि डाव्यावरच दोन जास्त दिल्या. मग उजवा हात ओढून मूठ उघडली. तळवा पांढरा पडून सोललेला. ओल्या काजूबिया कापून गर काढायचं काम घरात पहाटेपर्यंत चालायचं, आणि त्या कवचातला चीक कातडी जाळतो हे इथल्या कोणालाही सांगायला नको. "सांगितलं का नाहीस?" असं मी त्याला विचारलं. ओरडूनच विचारलं.

तो त्यानंतर चार दिवस आला. मग नाही आला. एप्रिलमध्ये मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा दिला, "मास्तर, तो रानात गेलाय" म्हणाली. गोठ्याच्या झावळ्यांच्या कुडाखालून मला त्याचे पाय दिसत होते. मी चहा प्यायलो आणि परत आलो. हाक मारायला हवी होती. मारली नाही.

माझे बाकीचे विद्यार्थी भेटतात. एक कदंबमध्ये कंडक्टर आहे, माझं तिकीट स्वतःच्या खिशातून फाडतो. "मास्तर, तुमच्या माराने घडलो" असं चारचौघांत सांगतो. खटखटे, तुमच्यासारखाच. मला ते ऐकताना बरं वाटायचं, अगदी निवृत्तीपर्यंत. मग लक्षात आलं की जे घडले तेच भेटायला येतात. कुडामागे उभा राहिलेला कशाला येईल?

त्या दिवसापासून मी शहाणा झालो असंही नाही. छडी कौलांत खोचून ठेवली, पण थोबाडीत द्यायची सवय जायला आणखी दोन वर्षं गेली. गणितासाठी मग चिंचोके आणले. आणि एक वेडगळ नियम केला, 'येत नाही' असं जो आधी म्हणेल त्याला माझ्या खुर्चीवर बसायला मिळेल. पहिले आठ दिवस कोणी हात वर केला नाही. नवव्या दिवशी एका मुलीने केला. तिला वजाबाकीत हातचा कळत नव्हता. ती खुर्चीत बसली आणि मी खाली बसून तिला शिकवलं. त्या आठवड्यात कळलं की चौथीतल्या निम्म्या वर्गाला हातचा कळत नव्हता, आणि मी वर्षभर भागाकार शिकवत होतो.

रानमोगरा ताई, मुलाला गणितात नेमकं काय अडतंय ते विचारलंत का? त्या तीन पेपरांत चुका कोणत्या होत्या, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

रानमोगरा

मास्तर, तुमचं वाचून रात्री एकला माळ्यावर चढले. मी गुण पाहिले होते, सही पाहिली होती, चुका पाहिल्याच नव्हत्या. तिन्ही पेपरांत शाब्दिक उदाहरणं कोरी. आकडेमोड दिली तिथे बरोबर. उदाहरण वाचून बेरीज करायची की गुणाकार तेच त्याला कळत नाही, मग तो हातच लावत नाही.

खटखटे

हे मलाही यायचं नाही. नारळाचे भाव आणि रेल्वेगाड्यांची गणितं.

तिरफळ

बघा, बाहेर आलं की नाही काहीतरी.

रानमोगरा

झालं एकदाचं. त्याला म्हटलं, चल, चौकट उतरवायला मदत कर. शिडी धरून उभा राहिला, चेहरा पांढराफटक. मी गाठ सोडली, पेपर काढले, खालच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, मला सापडलेत, चार दिवस झाले. त्याने पहिलं वाक्य काय उच्चारलं माहीत आहे? "किती मारणार?" रडत नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारतात तसं. मला जे काय बोलायचं होतं, मास्तरांचं, अबोलीताईंचं, सगळं घोकून ठेवलेलं, ते सगळं विसरले. "नाही मारणार" एवढंच म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. रात्री जेवताना दोनदा माझ्या हाताकडे बघत होता.

ह्यांना सांगितलं तर दोन दिवस घरात शब्द नाही. मग परवा माटोळीचं सामान बांधताना, कांगलां-कवंडळं ही रानफळं दोरीत ओवता ओवता, आपल्या वडिलांनी आपल्याला विहिरीच्या कठड्यावर बसवून पाढे म्हणवून घेतले होते ते सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा ऐकलं. मुलगाही ऐकत होता. "मग तुम्हाला पाढे आले का?" त्याने विचारलं. हे म्हणाले, "सतराचा अजून येत नाही."

अबोली

या घरात आता पुढचं बोलणं होईल. पण त्याचा विश्वास बसायला वेळ लागेल, मधे एखादा दिवस तुमचाही हात उचलला जाईल. गेला तर माफी मागा, सरळ शब्दांत, "पण तू असं वागलास म्हणून" हे शेपूट न लावता. आणि पोटदुखी दोन महिन्यांत गेली नाही, तो खेळायचा थांबला, स्वतःला काही करून घेण्याचं बोलू लागला, तर वाट बघू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत मुलांनाही बघतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मूल स्वतः फोन करू शकेल असा १०९८ तर आहेच.

रानमोगरा

चवथीच्या सुट्टीनंतरची खबर देते, विचारत होतात म्हणून. लघवीची तपासणी ठीक. सोमवारची पोटदुखी चारांतल्या दोन सोमवारी झाली.

बाईंना भेटले. वयाने माझ्याहून लहान, वर्गात अडतीस मुलं. मी कायदा काढला नाही. गुण मोठ्याने वाचणं बंद करते म्हणाल्या, लगेच. व्हरांड्याचं "बघते" म्हणाल्या. पुन्हा जाईन.

रोज रात्री एक शाब्दिक उदाहरण मी त्याला घालत नाही, तो मला घालतो. कालचं असं होतं: एका माटोळीला चाळीस कवंडळं, उंदराने सात खाल्ली, आईने न विचारता नऊ काढली, तर भांडण किती वाजता होईल?

या आठवड्यात चाचणीचा पेपर मिळाला. पंचविसांत अकरा. पेपर त्याने स्वतः आणला, लपवला नाही. पण माझ्याकडे नाही आणला. जावेकडे दिला, "तू आईला दे" म्हणून. जाऊ पदराआड धरून घेऊन आली. मला वाईट वाटलंच, लपवत नाही. सही मात्र या वेळी मीच केली.

तिरफळ

त्याच्यासारखी जमली का?

रानमोगरा

नाही हो. त्याची शेपटी जास्त वळणदार होती.